मांजराच्या घरातले ससे

ज्या घरात मांजर आहे त्या घरात ससे किंवा पिंजऱ्यातले पक्षी पाळावेत का, आणि पाळल्यावर पुढे दोघांचे जमेनासे झाले तर घर कोणी सोडावे, हा प्रश्न कोणत्याही परीक्षेला येणार नाही. तरी तो पुष्कळ घरांत पडतो. माझ्या वर्गातल्याच चौघींच्या घरी तो पडून गेला आहे, असे मला मधल्या सुट्टीतल्या गप्पांतून कळले. एकीच्या घरी लव्हबर्ड होते, एकीकडे कबुतरे, दोघींकडे ससे. चौघींकडेही शेवटी मांजर राहिले आणि बाकीचे गेले. कुठे गेले ते सांगताना मात्र तिघींचा आवाज खाली आला. "दिले कुणाला तरी," एवढेच त्या म्हणाल्या. या 'कुणाला तरी'विषयी मला लिहायचे आहे. पण त्याआधी हे दोघे एका छपराखाली का नांदत नाहीत ते नीट समजून घेतले पाहिजे. नाहीतर सगळा दोष मांजराच्या माथी मारून आपण मोकळे होतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मी मानसशास्त्र हा विषय घेतला आहे, म्हणजे मनाचे शास्त्र, असे घरी सांगितल्यावर आजीने पहिला प्रश्न विचारला तो असा : "मग मांजराच्या मनात काय असतंय ते सांग की." आजीने हे थट्टेने विचारले नव्हते. तिला ते खरोखरच जाणून घ्यायचे होते, आणि त्याला कारणही तसेच घडले होते.

आमचे गाव प्रयाग चिखली. नद्यांचा संगम होऊन पंचगंगा सुरू होते ती आमच्या गावाशी, त्यामुळे पुण्य आणि पूर दोन्ही आमच्या वाट्याला भरपूर. वडील गुऱ्हाळावर गुळव्या आहेत. घर जुन्या पद्धतीचे : पुढे सोपा, मग माजघर, मागे परडे. माजघरात वर्षाचे भात आणि जोंधळ्याची पोती असतात, आणि पोती असतात म्हणून मांजर असते. सध्याची मनी ही आजीने पाळलेल्या मांजरांतली कितवी, हे आजीलाही सांगता येणार नाही. सगळ्यांचे नाव मनीच.

ससे आले ते २०२० सालच्या टाळेबंदीत. शाळा बंद, धाकटा भाऊ तेव्हा आठ वर्षांचा, आणि तो सारखा नदीकडे पळे. त्याला घरात गुंतवायला म्हणून वडिलांनी पांढऱ्या सशांची जोडी आणली. नराचे नाव भावाने गुंड्या ठेवले, मादीचे कापशी. (कापशीची चप्पल प्रसिद्ध असल्यामुळे शेजारी या नावाला फार हसत.) परड्यात त्यांच्यासाठी खुराडे केले, त्याला जाळीचे दार बसवले, आणि भाऊ नदी विसरला. सकाळी उठला की लसणीचा घास कापून आणायचा, खुराडे झाडायचे, आणि मग स्वतः चहा घ्यायचा, असा त्याचा क्रम झाला. ज्या मुलाला स्वतःचे दप्तर सापडत नसे त्याला सशाच्या लेंड्या बघून त्याची तब्येत कळू लागली. मनी माजघरात, ससे परड्यात, मधे दार. एक वर्ष कुणाची काही तक्रार नव्हती.

मग २०२१ चा जुलै आला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. त्या महिन्यात पाणी त्याच्या कितीतरी वर गेले आणि २०१९ प्रमाणेच आमचे गाव पुन्हा हलवावे लागले. चिखलीची माणसे पुरात सोनतळीला जातात, तिकडे आमचीही एक पत्र्याची खोली आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पोती गेली, म्हैस गेली, मनीला आजीने पोत्यात घालून मांडीवर घेतले आणि सशांचे खुराडे भावाने दोन्ही हातांनी धरून ठेवले. खोली एकच. सहा माणसे, एक मांजर, दोन ससे. वाचकांना वाटेल की आता रक्तपाताची हकीकत येणार. तशी ती नाही. मनीने त्या दोन आठवड्यांत सशांना नखही लावले नाही. ती फक्त ट्रंकेवर बसून खुराड्याकडे बघत राहिली. दिवसा बघे, रात्री बघे. कापशी रात्रभर मागचा पाय जमिनीवर आपटत असे, आणि चौथ्या दिवशी तिने खाणे सोडले.

म्हशीसाठी आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी कापशीचे पोट दाबून बघितले आणि विचारले, "मांजर कुठं असतंय तुमचं?" आम्ही ट्रंकेकडे बोट दाखवले. "ते बाहेर काढा, नाहीतर ही जगणार नाही. औषध मी देतो, पण औषधाचं काम मांजर बाहेर गेल्यावर सुरू होणार." आजीला हे काही पटेना. मांजराने केले तरी काय? नुसते बघितल्याने कुणी मरते का?

आजीचा हाच प्रश्न घेऊन मी पुढे पुस्तके चाळली. उत्तराचे दोन भाग आहेत, एक मांजराकडचा आणि एक सशाकडचा.

मांजराकडचा भाग आधी घेऊ. आपल्या घरातले मांजर हे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या एका रानमांजराच्या जातीतून आले आहे. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यावर उंदीर आले, उंदरांवर मांजर आले, अशी ती कथा सांगतात; म्हणजे आमच्या माजघराची कथा आणि ती एकच. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले सापडले, हे २००४ साली जाहीर झाले. इतका जुना सहवास. पण बैल, कुत्रा, घोडा यांना माणसाने निवडून निवडून आपल्या कामाला घडवले तसे मांजराचे फारसे झाले नाही. त्याच्याकडून हवे होते ते एकच काम, उंदीर मारणे, आणि ते त्याला येतच होते. ज्या गुणासाठी आपण मांजर ठेवले तोच गुण सशाकडे वळला की आपण त्याला दुष्ट म्हणतो, हे मला थोडे अन्यायाचे वाटते.

"पोटभर घाला, मग ते कशाला मारतंय," असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. १९७६ साली अ‍ॅडमेक नावाच्या संशोधकाने नेमके हेच तपासले. मांजरांना त्यांच्या आवडीचे खाणे दिले, आणि ती खात असताना जिवंत उंदीर समोर आणला. मांजरांनी खाणे अर्धवट सोडले, उंदीर मारला, आणि परत येऊन आपले खाणे पुढे चालू केले. म्हणजे भूक आणि शिकार ही मांजरात दोन वेगळी खाती आहेत. भूक असली तर शिकारीला जोर येतो हे खरे, पण पोट भरले म्हणून शिकार बंद होत नाही. दबा धरणे, झेप, पकड, मानेचा चावा ही एकापाठोपाठ एक येणारी साखळी असून ती सुरू होते ती हलणाऱ्या लहान वस्तूमुळे. दोऱ्याच्या गुंडीमागे पळणारे पिलू आपण कौतुकाने बघतो, तीच ही साखळी.

इथे कोल्हापूरकरांना एक जुनी गोष्ट आठवेल. आपल्या संस्थानात चित्ते बाळगून काळविटांची शिकार करत. चित्ताही मार्जारकुळातलाच. त्याला गाडीवरून माळावर नेताना त्याच्या डोळ्यांवर टोपी असे, आणि कळप टप्प्यात आला की ती काढत. टोपी निघेपर्यंत तो जवळजवळ गाईसारखा शांत. डोळ्यांना धावणारे जनावर दिसले की मग मात्र त्याला कुणी थोपवू शकत नसे. त्या चित्तेवानांना जे ठाऊक होते ते आपण मांजराच्या बाबतीत विसरतो. शिवाय या शिकारीसाठी लहानपणापासून माणसाने वाढवलेल्या पिलापेक्षा रानात आईकडून शिकलेला मोठा चित्ता पकडून आणणे पसंत करत. शिकारीचा ओढा जन्माचा असतो, पण तिची सफाई शिकण्यातून येते, हे त्यांनी प्रयोगशाळेशिवाय ओळखले होते.

प्रयोगशाळेतले उत्तर १९३० साली कुओ नावाच्या चिनी मानसशास्त्रज्ञाने दिले, आणि ते मला फार आवडले. त्याने मांजरीची पिले तीन प्रकारे वाढवली. काही पिले उंदीर मारणाऱ्या आईजवळ वाढली. अशा २१ पैकी १८ पिलांनी पुढे उंदीर मारले. काही एकटी वाढली. २० पैकी ९ जणांनी मारले. काही पिले मात्र उंदरांच्याच संगतीत वाढवली. त्या १८ पैकी फक्त ३ जणांनी मारले. "सवयीनं होतंय" म्हणणाऱ्यांना यात आधार आहे, हे मी कबूल करते. डोळे उघडल्यापासून सशाबरोबर वाढलेले पिलू सशाला सोबती मानण्याची शक्यता पुष्कळ आहे. पण ही संधी मांजराच्या आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांतच असते. आमची मनी ससे आले तेव्हा तीन वर्षांची, शेकडो उंदीर मारून झालेली. तिला नव्याने काय शिकवणार? आणि दुसरे असे की उंदरांच्या संगतीत वाढलेल्यांतही सहातल्या एकाने मारलेच. परीक्षेत सहापैकी पाच प्रश्न बरोबर आले तर आपण पेढे वाटू. सशाच्या बाबतीत तो सहावा प्रश्न म्हणजे जीव असतो.

आता सशाकडे वळू. आपण ज्याला पांढरा ससा म्हणतो तो आपल्या उसातला ससा नव्हे. पाळीव ससे सगळे युरोपातल्या, मूळच्या स्पेनकडच्या, बिळात राहणाऱ्या एका जातीचे वंशज. त्यांची पिले उघडी आणि आंधळी जन्मतात. आपला रानससा बीळ करत नाही, गवतात दबून बसतो, आणि त्याची पिले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. पण एका बाबतीत दोघे सारखे : दोघेही सगळ्यांचे भक्ष्य. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. दिसत नाही ते फक्त नाकासमोरचे थोडेसे. कान आणि नाक त्याहून तीक्ष्ण. रानात याचा उपयोग असा, की धोका कळला की बिळात शिरायचे. खुराड्यात बीळ कुठले? त्याला मांजर दिसते, ऐकू येते, वास येतो, आणि पळायला जागा नसते. कापशी पाय आपटत होती ती याच धोक्याची खूण बिरादरीला देत होती. बिरादरी म्हणजे एक गुंड्या, तोही तिच्याच शेजारी कोंडलेला.

भीतीने सशाचे काय होते? त्याचे पोट थांबते. हे वाक्य शब्दशः खरे आहे. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. तो दिवसभर आणि रात्रभर थोडेथोडे खात असतो, एवढेच नव्हे तर स्वतःची मऊ लेंडी परत खाऊन त्यातले सत्त्व दुसऱ्यांदा घेतो. (भावाला हे कळले तेव्हा त्याला किळस आली नाही, अभिमान वाटला.) भीतीने किंवा दुखण्याने खाणे थांबले की आतड्याची हालचाल मंदावते, पोटात वायू धरतो, त्याने दुखते, दुखल्याने तो आणखी खात नाही. दिवसभर काही न खाल्लेला ससा हा आजारी नव्हे, अत्यवस्थ समजावा. त्यातून ससा दुखणे दाखवत नाही. भक्ष्य असलेल्या प्राण्याने अशक्तपणा दाखवला तर तोच आधी उचलला जातो. म्हणून लेंड्या लहान होणे, कमी होणे, हीच पहिली सूचना. आमच्याकडे ती भावाने ओळखली म्हणून डॉक्टरांना विचारायचे सुचले. कधीकधी ससा घाबरून एवढी जोराची लाथ झाडतो की त्याचाच कणा मोडतो. तेव्हा नुसते बघितल्याने कुणी मरते का, या आजीच्या प्रश्नाला उत्तर आहे, होय, ससा मरू शकतो.

पक्ष्यांचेही वेगळे नाही. बाजारात लव्हबर्ड म्हणून मिळतात ते बहुधा ऑस्ट्रेलियातले लहान पोपट. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. मांजर पिंजऱ्याखाली येऊन बसले की हे पक्षी रात्री अंधारात गजांवर आपटून पंख किंवा मान मोडून घेतात. आणि पंजा किंवा दात लागलाच तर जखम केवढी आहे ते बघू नये. मांजराचा दात सुईसारखा असतो. वरचे छिद्र बुजते, आत जंतू राहतात, आणि बरा दिसणारा पक्षी किंवा ससा दोन दिवसांनी मरतो. हळद भरून वाट बघण्यात अर्थ नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

एवढे सगळे असूनही लगेच ससे देऊन टाकावेत असे मी म्हणणार नाही. आधी करण्यासारखे काही आहे, आणि जिथे जागा आहे तिथे ते पुरते. मुख्य गोष्ट म्हणजे दोघांमध्ये खरीखुरी भिंत हवी, जाळी नव्हे. जाळीतून दिसते, वास येतो, आणि पंजाही जातो. कोंबड्यांची पातळ जाळी तर मांजराला काहीच नाही. खुराड्याच्या तीन बाजू बंद असाव्यात आणि आत एक लपायची पेटी असावी. मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी का? ही म्हण आपण उंदरांच्या बाजूने ऐकलेली. पण २००५ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत घंटा बांधलेल्या मांजरांची उंदरांसारख्या प्राण्यांची शिकार ३४ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची ४१ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. म्हणजे घंटेचा उपयोग आहे, पण बाहेर उडून जाऊ शकणाऱ्या चिमणीला. कोंडलेल्या सशाला घंटा ऐकू येऊन तो जाणार कुठे? उलट भीतीची सूचना तेवढी आधी मिळते.

२०२१ साली इंग्लंडमधलीच आणखी एक पाहणी आली. ज्या मांजरांना मांसाचे प्रमाण जास्त असलेले खाणे दिले त्यांनी ३६ टक्के कमी शिकार घरी आणली, आणि ज्यांच्याशी रोज पाच-दहा मिनिटे खेळले त्यांनी २५ टक्के कमी. हे वाचून मला आमच्या दूध-भाकरीची आठवण झाली. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी; त्याच्या शरीराला लागणारी काही द्रव्ये मांसाशिवाय मिळत नाहीत, आणि मोठ्या मांजराला पुष्कळदा दूधही नीट पचत नाही. आपण त्याला दूध-भाकरी घालून मांजर पाळल्याचे समाधान घेतो आणि उरलेल्या गरजेसाठी त्याला उंदरांवर सोडतो. असो. मनीला आता बुधवारी आणि रविवारी बोंबील मिळतो.

आमच्याकडे पूर ओसरल्यावर सगळे परत चिखलीला आलो. भिंत पुन्हा मधे आली, तेव्हा सुटलो असे वाटले. पण मनीने त्या दोन आठवड्यांत ससे म्हणजे काय ते बघून ठेवले होते. ती आता परड्यात जाऊन बसू लागली. वडिलांनी जाळी बदलली, भावाने वर पोते सोडले. दिवाळीच्या सुमारास एका रात्री म्हणीतल्यासारखे शिंके तुटले : दाराची कडी सैल झाली, फटीतून पंजा गेला, आणि गुंड्याचा कान फाटला. यावेळी डॉक्टर त्याच रात्री मिळाले म्हणून तो वाचला.

दुसऱ्या दिवशी घरात बैठक बसली. भाऊ म्हणाला, मनीला सोडून या. आजी म्हणाली, "माझ्या आधी तिला न्हाई सोडायची." आई मधे. वडिलांनी विचारले ते बरोबर विचारले : दोघांतले कोण नव्या जागी नांदेल? मांजर जागेला धरून असते. मोठे झालेले मांजर लांब सोडले तरी परत येते, नाहीतर वाटेत कुत्र्यांच्या तावडीत सापडते. शिवाय मनी गेली तरी महिन्याभरात गल्लीतला कुठला तरी बोका आमच्या माजघरात आला असता, कारण पोती तिथेच होती. ससा मात्र, त्याचे खाणे, त्याचा जोडीदार आणि लपायची जागा बरोबर गेली तर नव्या घरी आठवडा-पंधरा दिवसांत रुळतो. आणि खरा मुद्दा असा की रोज भिऊन जगत होते ते ससे, मनी नव्हे. जो त्रासात आहे त्याची सुटका करायची. भावाने हे सगळे ऐकले आणि म्हणाला, "म्हणजे ज्यानं काय केलं न्हाई त्यानंच जायाचं." याला कुणापाशीच उत्तर नव्हते. माझ्यापाशी अजूनही नाही.

आता त्या 'कुणाला तरी'कडे येते. पाळलेला जीव घरातून जातो तेव्हा घाई असते, वाईट वाटत असते, आणि पहिला मागणारा देवासारखा वाटतो. पुष्कळजण तर मागणाऱ्याचीही वाट बघत नाहीत; रंकाळ्याच्या बागेत किंवा पन्हाळ्याच्या वाटेवर ससा सोडतात आणि 'मोकळा केला' म्हणतात. पिंजऱ्यात जन्मलेला, पांढऱ्या रंगाचा, बीळ न केलेला ससा बाहेर एक रात्र काढील की नाही शंकाच आहे. हे कायद्यालाही मान्य नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा, जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा मानतो. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये लिहिला आहे. १९६० साली पन्नास रुपयांना वजन असेल.

उसाच्या तोडीत सापडलेले रानसशाचे पिलू आणि पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपट यांची गोष्ट निराळी आहे. हे वन्यप्राणी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते घरात ठेवताच येत नाहीत, तेव्हा दुसऱ्याला देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ते वनखात्याकडे सोपवायचे. फडात पिलू दिसले तर हात न लावता तिथेच ठेवावे, हे सगळ्यांत बरे. रानससा आपली पिले अशीच एकटी ठेवून चरायला जातो, आणि आपण त्यांना पोरकी समजून उचलतो.

पाळीव ससा द्यायचा तर घर आधी बघून यावे. फोनवर सगळ्यांकडेच मोठे अंगण असते. तिथे मांजर, कुत्रा नसावा, शेजाऱ्याचे मांजर भिंतीवरून येते का तेही विचारावे. उन्हाळ्यात सावली कुठे पडते ते बघावे, कारण सशाला घाम येत नाही आणि आपल्याकडचा एप्रिल त्याला सोसत नाही. "खायला नेताय का?" हे स्पष्ट विचारावे, विचारायला संकोच वाटतो, पण उत्तर न विचारता दिले तर संकोच आपलाच राहतो. आम्हाला एका ओळखीच्या गृहस्थांनी दोनशे रुपये देऊ केले होते. वडिलांनी हा प्रश्न विचारल्यावर ते हसले, आणि तेवढ्यावर तो व्यवहार संपला. जोडी असेल तर जोडीच द्यावी. मात्र नर-मादी असतील तर नव्या मालकाला सांगावे की मादी महिन्याभरात विते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. वर्षात खुराडे पुरणार नाही, आणि मग तुमच्या दोघांचे वीस होऊन पुन्हा 'कुणाला तरी' जातील. आमच्याकडे त्यासाठी मधे फळी घातलेली होती, ती फळीही बरोबर पाठवली.

शेवटी ससे गेले ते कागलला आत्याकडे. तिच्याकडे मागे बंद परडे आहे, घरात मूल नाही, आणि मांजराचे तिला वावडे. नेताना सकाळची गार वेळ धरली. कानाला धरून कधीच उचलू नये, खाली हात घालून अंगाशी धरावे, हे आत्याला भावाने करून दाखवले. बुट्टीत खुराड्यातलेच जुने गवत घातले, वर ओले फडके टाकले, आणि दहा दिवसांचा घास व वाळलेले गवत बरोबर दिले. खाणे एकदम बदलले तर पुन्हा पोटाचे दुखणे उभे राहते. एस.टी.त भाऊ बुट्टी मांडीवर घेऊन बसला होता. कंडक्टरने तिकीट विचारले तेव्हा त्याने तीन सांगितली.

त्याने वहीचे एक पान फाडून आत्यासाठी लिहून ठेवले होते. त्यात होते : कापशीला मुळ्याचा पाला आवडतो, गुंड्याला नाही. गाजर रोज देऊ नये. लेंड्या सकाळी बघाव्यात. फटाके वाजले तर पेटीवर पोते टाकावे. दाताला बाभळीची नाहीतर पेरूची काडी द्यावी, दात वाढत असतात. खाली आत्याने न विचारलेले असे एक वाक्य होते, की मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येईन.

पहिले दोन दिवस कापशी पेटीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याचा फोन आला की दोघांनी घास संपवला आणि लेंड्या मोठ्या आहेत. पुढे आत्या म्हणाली की कापशी आता अंगणात चारी पाय पसरून आडवी पडते. ससा असा आडवा पडतो तो निर्धास्त असला तरच. आमच्याकडे ती तशी कधी पडली नव्हती.

कापशी २०२४ च्या उन्हाळ्यात गेली. गुंड्या आहे, एक कान फाटका, म्हणून कागलच्या गल्लीत त्याला पोरे पैलवान म्हणतात. भाऊ आता आठवीत आहे. दुसरा रविवार त्याने मागच्या महिन्यात चुकवला, क्रिकेटचा सामना होता. मनीला पाचवी वेत झाली. तिची दोन पिले आत्याने मागितली होती, शेजारणीला हवी म्हणून. आजीने आधी शेजारणीचे घर गुंड्याच्या परड्यापासून किती लांब आहे ते विचारले, आणि नाही म्हणाली.